मीठ कुणी टाकलं

तळपेवाडीत संशय घ्यायचं काम भागुबाईकडं होतं. तिला ते कुणी नेमून दिलं नव्हतं, पण एवढं मन लावून करणारं माणूस असताना दुसऱ्यानं कशाला त्यात पडावं? कुणाची कोंबडी हरवली तरी लोक आधी भागुबाईच्या दारात यायचे. चोर सापडो न सापडो, तिच्याकडं चार नावं तयार असायची.

वाडी आंदर मावळात, टाकव्यावरून वर चढत गेलं की अगदी शेवटाला. पन्नासेक उंबरे आणि पहिली ते चौथीची बावीस पोरांची शाळा. त्या शाळेत भागुबाई बारा वर्षं खिचडी शिजवत होती. करोना आला, शाळेला कुलूप लागलं, तेव्हा चुलीवरचा बाईचा जीव वाडीच्या वेशीवर गेला. रस्त्यावर आडवा वासा बांधायला पुढं तीच होती. "भायेरचं माणूस आत न्हाई, आन् आतलं भायेर गेलं तर चौदा दिस आत न्हाई," हा कायदाही तिचाच. वाडीत वजन असलेल्या मारुतीआबांच्या, टाकव्याच्या कारखान्यातून परतलेल्या सख्ख्या पुतण्याला तिनं चौदा दिवस रानातल्या गोठ्यात बसवला. त्याची बायको हातापाया पडली, पण ही बाई हलली नाही. आणि खोटं कशाला बोला, दीड वर्षात तळपेवाडीत एकाही माणसाला ते दुखणं शिवलं नाही. "माझ्यामुळं," असं ती दिवसातून दहादा म्हणायची. त्यातलं सहादा तरी खरं असेल.

डिसेंबरात शाळा उघडली. भागुबाईची नात चिंगी तिसरीत गेलेली, पण दीड वर्षात तिची अक्षरं पार पुसून गेली होती. स्वतःचं नाव लिहायला बसवली तर पोर पाटीवर नुसती वेलबुट्टी काढायची. चिंगीचे आईबाप लोणावळ्याला एका बंगल्यावर राखण करायचे आणि पोर आजीपाशी असायची. आरोग्य खात्याची आशाताई आरती वडेश्वरावरून आली, ओट्यावर सगळ्यांना बसवून बजावून गेली, "एका पोराला जरी लागण झाली ना, तर शाळा पुन्हा बंद. ताप, खोकला, घसा, तोंडाची चव जाणं, काहीही झालं तरी लपवू नका." भागुबाईनं ते मनात पक्की गाठ मारून ठेवलं. शाळा पुन्हा बंद झाली तर चिंगी आपल्यासारखी अंगठेबहाद्दर राहणार, हे तिला लख्ख दिसत होतं. तिला दुसऱ्या कशाचं भय नव्हतं, ह्याचं होतं.

आता अशा वेळी सरकारनं पाठवावा कोण, तर वराळ्याचा गुरुजी! वराळे म्हणजे तळेगावाला लागून, नव्या इमारती, कारखान्यांच्या बसगाड्या, हजार जागची माणसं. रोज सकाळी मोटारसायकलवरून हा बाबा तिथली हवा अंगावर घेऊन येणार आणि आमच्या पोरांत बसणार. नाव सुश्रुत. वाडीत ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे नुसतं गुरुजी म्हणायचे. वाशाखालून वाकून यायची मुभा त्याला एकट्यालाच होती. गुरुजीशिवाय शाळा कशी भरणार? भागुबाईनं मान्य केलं, पण नजर ठेवायची हे त्याच दिवशी ठरवलं.

नजर ठेवली की दिसायला काय तोटा! गुरुजी तोंडावरची पट्टी कधी काढत नसे. "चेहरा दाखवायला काय हुतंय ह्येला?" गुरुजीच्या खिशात एक बारकी वही असे, पोरं ओळीत उभी राहिली की त्यांच्या कपाळाशी ते तापाचं यंत्र धरून हा वहीत काहीतरी टिपायचा. "काय लिवतोय? कुणाला दावतोय?" पहिल्याच दिवशी गुरुजीनं यंत्र भागुबाईच्याही कपाळाशी नेलं, तर तिनं फटकन हात उडवला.

"माझ्या कपाळाला बंदूक लावायची न्हाई, गुरुजी! वाडी म्या राखलीया. तुमी तुमचं कपाळ बघा."

"माझं रोज बघतो मावशी. सगळ्यांचंच बघायला हवं," गुरुजी हळू आवाजात म्हणाला.

"सगळ्यांचं बघा की. माझं न्हाई."

पुढं त्यानं तो नाद सोडला.

खिचडीची गोष्ट अशी, की तेव्हा शाळेत शिजवून वाढायचा हुकूमच नव्हता. कोरडा तांदूळ आणि मूगडाळ घरोघर वाटायची, एवढंच. पण भात झोडणीचे दिवस, बायाबाप्ये पहाटेच खळ्यावर जात. पोरांना घरी रांधून घालणार कोण? बायांनी तांदूळडाळ पुन्हा शाळेत आणून टाकली आणि म्हणाल्या, भागूमावशी, तूच शिजव. गुरुजी म्हणाला, नियमात बसत नाही. दुसऱ्या दिवशी डब्याशिवाय बसलेली पोरं बघून म्हणाला, शिजवा. पण पोरं हात हात अंतर सोडून बसतील आणि वाढायच्या आधी पूर्वीसारखी चव मी घेणार.

चव घ्यायची ती रीत जुनीच. गुरुजीनं आधी घास खायचा, वहीत सही करायची, मग पोरांना वाढायचं. आधीचे गुरुजी चुलीपाशी पाटावर बसून, दोन वाट्या हाणून, मिश्या पुसत सही करायचे. हा मात्र वाटी घेऊन शाळेच्या मागं जायचा. भागुबाईच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. आमच्या हातचं चालत न्हाई व्हय? डोंगरातल्या लोकांचं अन्न गटारात वततोय जणू! ती एकदा पावलं न वाजवता मागं जाऊन बघून आली. गुरुजी भिंतीकडं तोंड करून, पट्टी हनुवटीखाली ओढून, सगळी वाटी बोटानं निपटून खात होता. खाल्ली आणि लगेच पट्टी वर. पोरांसमोर तोंड उघडं नको म्हणून हे सगळं, असं त्यानं पहिल्या दिवशी सांगितलंही होतं.

ह्यावर साधं माणूस काय म्हणेल? चला, चुकलं आपलं. पण भागुबाई म्हणाली, "मला आलेली बगून खाल्ली आसंल." आता संशयाला औषध नाही म्हणतात ते काय उगीच?

हे सगळं चाललं असताना एका रविवारी दुपारी भागुबाईच्या परसात गोविंदा उभा राहिला. गोविंदा म्हणजे तिचा मुलगा, चिंगीचा बाप. पाच महिने लेकीचं तोंड बघितलं नव्हतं त्यानं. बंगल्यावर मुंबईच्या पाहुण्यांची जत्रा लागलेली, मालक सुट्टी देईना, म्हणून एका दुपारची सवड काढून आला. वाशाकडून आला नाही. गुरांच्या वाटेनं, ओढ्यातून वर चढून आला. अंगात थोडी कणकण, नाक वाहतं.

"आये, थंडीचं झालंय. गाडीवर वारं लागलं," तो म्हणाला.

आणि चौदा दिवसांचा कायदा करणारी ही बाई काय म्हणाली? "व्हय रे बाबा, लय गारठलाईस, बस चुलीपाशी." तिनं त्याला नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. त्याच्या ताटात उरलेला तुकडा, टाकायचा कशाला, म्हणून स्वतः खाल्ला. चिंगी तेवढी ओढ्यावर खेळायला गेलेली, ती आली तोवर बापाची निघायची वेळ झाली. त्यानं लांबूनच हात हलवला आणि गेला. पोर रडली. "कुणाला सांगू नगंस बाप आलता म्हून," असं आजीनं तिला बजावलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

त्या आठवड्यातच खिचडीला काहीतरी झालं.

गुरुवारी भागुबाईनं नेहमीच्या अंदाजानं मीठ टाकलं, उलथण्यावर घेऊन चाखलं तर अळणी. आणखी मूठभर टाकलं, तरी अळणी. "आताच्या मिठाला जोरच न्हाई," म्हणत तिनं आणखी टाकलं. डोकं दुखत होतं, नाक चोंदलं होतं, पण ओली लाकडं धूर किती करत होती! गुरुजी वाटी घेऊन मागं गेला, आला, आणि जरा चाचरत म्हणाला, "मावशी, आज मीठ थोडं जास्त झालंय का?"

"जास्त?" भागुबाई उसळली. "आवं, मिठाचा पत्त्या न्हाई तिच्यात! बारा वरसं शिजवतीया म्या!"

गुरुजीनं वहीत सही केली. पोरांनी मात्र दोन घास खाल्ले आणि पाण्याच्या पिंपाकडं पळाली. हृतिक नावाचं पहिलीतलं पोर तर ताटावर रडायला लागलं. भागुबाई त्या गर्दीतून गुरुजीकडं बघत राहिली. पोरांना ह्यानंच पढवलंय, हे तिला कळून चुकलं. बाई नको झालीय. खिचडी बिघडते असं वहीत लिहायचं, वर कळवायचं, आणि आपल्या ओळखीतली कुणीतरी आणून चुलीपाशी बसवायची, असा डाव असणार.

शुक्रवारी घरी चिंगीनं सांगितलं, "आजे, आजबी खारट हुती. लय खारट."

नात काही गुरुजीची पढवलेली नव्हती. आता आली का पंचाईत! भागुबाईनं संध्याकाळभर डोकं चालवलं. आपण चाखतो तेव्हा अळणी. गुरुजी चाखतो तेव्हा खारट. पोरं खातात तेव्हा खारट. म्हणजे आपण चाखल्यावर आणि पोरांना वाढायच्या आधी कुणीतरी पातेल्यात मीठ टाकतंय. आणि त्या वेळात पातेल्यापाशी कोण येतं? वाटी घेऊन कोण वाकतं? हातच्या काकणाला आरसा कशाला! एवढा हिशोब जुळल्यावर तिला इतकं बरं वाटलं, की डोकेदुखीसुद्धा विसरली. ती उठून तडक मारुतीआबांच्या घरी गेली. आबा शाळा समितीचे अध्यक्ष, तापट माणूस, पुतण्याला गोठ्यात बसवल्यापासून भागुबाईशी जेवढ्यास तेवढं बोलत.

"आबा, उंद्या साडेधाला शाळंत या. चार माणसं घिऊन या. चोर धरून देती तुमास्नी."

"कसला चोर?"

"पोरांच्या आन्नात कालवाकालव करतोय गुरुजी. डोळ्यानं दावती."

पोरांचं अन्न म्हटल्यावर आबांचे कान टवकारले. रात्र होईपर्यंत वाडीत घरोघर झालं. कुणी म्हणालं मीठ घालतो, कुणी म्हणालं मीठ कसलं, पूड घालतो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

शनिवारी सकाळची शाळा. भागुबाई आठलाच चुलीपाशी बसली. मिठाची पुडी पदराच्या गाठीत. गुरुजी दाराशी आला तर म्हणाली, "आज आत यायाचं न्हाई. आज चव आबा घेणार." गुरुजीला काही कळलं नाही, तो वर्गात गेला. तिनं तांदूळ वैरला, डाळ वैरली, हळद घातली, लसणीची फोडणी दिली. मीठ टाकलं, चाखलं, अळणी. टाकलं, चाखलं, अळणी. अडीच तासांत ती पातेल्यापासून वीतभर हलली नाही, चिलटसुद्धा तिथं फिरकू दिलं नाही. साडेदहाला मारुतीआबा आले. त्यांच्यामागं चार सोडून चौदा माणसं आली. पोरं ताटं घेऊन पटांगणात आखलेल्या चुन्याच्या गोलांत बसली होती.

"घ्या आबा," भागुबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "आजून गुरुजी हिकडं फिरकल्याला न्हाई. आता चाखा. मीठ कमीच लागंल. मग त्येला चाखू द्या, आन् मग परत चाखा."

आबांनी घास तोंडात टाकला आणि तिथंच बाजूला थुंकले.

"आगं ए भागे! ही खिचडी हाय का मिठागर?"

"काय?"

"तोंड भाजलं माझं! ढोरंबी खायाची न्हाईत ही."

शेजारच्या दोघांनी बोट लावून बघितलं, त्यांनीही तोंडं वाकडी केली. भागुबाई पातेल्याकडं बघत उभी राहिली. गुरुजी आला नव्हता. कुणीच आलं नव्हतं. मिठाची पुडी तिच्या पदरात होती, पातेलं तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि पातेल्यात हात घालणारं माणूस सबंध सकाळभर एकच होतं. तिनं पदराची गाठ सोडली, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. काही नाही. माती ठेवावी तसं. तिनं आणखी मोठी चिमूट टाकली. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, तेही आलं नाही. फोडणीचं भांडं उचलून नाकाशी नेलं. करपलेली लसूण तळाला काळी झालेली दिसत होती, आणि वास म्हणून नाही.

तोंडाची चव जाणं, असं आरती म्हणाली होती. ओट्यावर पुढं बसून ते ऐकणारी आणि मागच्यांना दोनदा सांगणारी हीच.

बाईला गोविंदाचं वाहतं नाक आठवलं, त्याच्या ताटातला तो तुकडा आठवला. त्याच्यानंतर दिवस मोजले तर किती? आणि तेवढे सगळे दिवस ती ह्या पातेल्यावर वाकून चाखत होती. पट्टी गळ्यात, कारण धुरात जीव गुदमरतो. पोरांच्या ताटात आपल्या हातानं वाढत होती. चिंगी रोज तिच्या पोटाशी निजत होती.

इकडं आबांचा पारा चढला होता. त्यांच्या डोक्यातला हिशोब निराळाच निघाला. "तांदळाची खोली कुणाच्या ताब्यात हाय? किल्ली कुणाकडं असती? गुरुजीकडं! आदीच कालवून ठिवलंय ह्येनं तांदळात!" ते वर्गाकडं धावले आणि गुरुजीला दंडाला धरून ओढतच पटांगणात घेऊन आले. गुरुजीची वही खाली पडली. कुणीतरी ती उचलून फडफडवली. आत बावीस नावं, त्यांच्यापुढं रोजचा ताप आणि कोण खोकलं त्याची खूण, एवढंच होतं. पण ते वाचायला कुणाला सवड होती?

"आबा, मी काही केलेलं नाही. सोडा, पोरं बघतायत," गुरुजी म्हणत होता.

"गाडीला किक मारा आन् व्हा चालते! पुन्यांदा ह्या वाडीत पाय टाकलात तर तंगडं मोडीन!"

भागुबाईला सगळं ऐकू येत होतं. तिला दिसतही होतं, की आता आपण नुसतं गप्प राहिलं तरी पुरे. गुरुजी जाईल. मीठ त्यानं टाकलं हे वाडीत कायमचं खरं ठरेल. गोविंदा कधी आला, कुठून आला, कुणी विचारणार नाही. चार दिवसांत तोंडाला चव येईल. आणि आबांच्या पुतण्याच्या बायकोला पाया पडूनही हाकललं, तिच्यासमोर मान खाली घालायची वेळ येणार नाही.

फक्त पोरांना कुणी तपासणार नाही. गुरुजी गेल्यावर रोज कपाळ बघणारं माणूसच राहणार नाही. कुणाच्या घरात म्हातारी आहे, कुणाच्या घरात बाळंतीण. भागुबाईनं एकेक घर मनात आणलं, आणि तिला मनातल्या मनात रडू आलं.

"सोडा त्येंला," ती म्हणाली. गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. मग ती ओरडली, "आबा, सोडा म्हणती ना! मीठ म्या टाकलंय!"

सगळे वळले.

"म्याच टाकलंय. तिन्ही दिस. मला कळंना म्हून टाकलं. माझ्या तोंडाची चव गेलीया. वास येत न्हाई. रईवारी गोविंदा आलता, ढोरांच्या वाटंनं. आजारी हुता. म्याच घरात घेतला." एवढं एका दमात बोलून ती खाली बसली. "गुरुजीनं काय न्हाई केलं. पोरांस्नी तपासा. आरतीला फोन लावा. आदी पोरांस्नी तपासा."

आबांचा हात गुरुजीच्या दंडावरून गळून पडला. ते दोन पावलं मागं सरले, तसे बाकीचेही सरले. पाठीमागून त्यांचा पुतण्या म्हणाला, "आन् आमाला गोठ्यात बसवलंवतं." गुरुजीनं तोवर फोन काढला होता, नंबर लावता लावता तो पोरांना सांगत होता, "कुणी उठायचं नाही. गोलातच बसा. ताटं खाली ठेवा."

बावीसातली एकवीस बसून राहिली. चिंगी उठली. आजी चुलीपाशी खाली बसलेली, रडतेय, हे दिसल्यावर तिला कोण थांबवणार? ताट टाकून ती पळत सुटली.

"यिऊ नगंस!" भागुबाई किंचाळली. पोर थांबेना. भागुबाईनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि दोघींच्या मध्ये धरलं. "मागं व्हो! मागं व्हो म्हणती ना, डाग दीन!"

चिंगी जागच्या जागी थबकली. आजीनं तिच्यावर कधी बोट उगारलं नव्हतं. पोरीचं तोंड वाकडं झालं, नाक गळायला लागलं, आणि तिथूनच, धुरापलीकडून, ती हुंदके देत म्हणाली, "आजे, म्या काय केलं?"

भागुबाईनं लाकूड खाली केलं नाही.

"तू काय न्हाई केलंस, बाय. तितंच उबी ऱ्हा," ती म्हणाली. "म्या केलं."